शब्द कोणत्या पुस्तकातून आला? इंग्रजी व्युत्पत्तीच्या साधनांची पारख

कॉलेज रोडवर एक चक्कर मारली तरी पाट्यांवर भेटतात असे हे शब्द: रोबोटिक्सचे वर्ग, स्वतःला मेंटॉर म्हणवणारे शिकवणीवाले, फ्रीलान्स डिझायनर. तिन्ही शब्द इंग्रजीत रुळले ते पुस्तकांच्या वाटेने. रोबॉट एका चेक नाटकातला. मेंटॉर होमरच्या महाकाव्यातला, पण प्रसिद्धीला आला एका फ्रेंच कादंबरीमुळे. फ्रीलान्स वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतला. असा शब्द नेमका कोणत्या पुस्तकातून, कोणत्या साली, कोणत्या अर्थाने निघाला हे स्वतः पडताळायचे असेल, तर नाशिकमध्ये बसून कोणती साधने वापरावीत आणि कोणत्यासाठी पैसे मोजावेत, याचा हा आढावा. इंग्रजीचे शिक्षक, अनुवादक, एम.ए.चे विद्यार्थी आणि शब्दांचे वेड असलेला कोणीही वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे.

पारखण्याची कसोटी एकच आहे: साधन मूळ वाक्य दाखवते की नुसते साल सांगते? साल कोणीही सांगेल. ज्या वाक्यात शब्द पहिल्यांदा आला ते वाक्य, त्या पुस्तकाचे नाव आणि आवृत्ती समोर असेल तरच ते साल तपासता येते. या कसोटीवर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या जवळपासही दुसरे कोणी पोचत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र तिचेही ऐकण्याची एक पद्धत आहे, आणि ती माहीत नसेल तर वर्गणीचे पैसे वाया जातात.

या कोशाची कल्पना १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली. जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची आणि २१,७३० पानांची. सन २००० पासून कोश इंटरनेटवर आहे आणि तेव्हापासूनच त्याची नोंदवार फेरतपासणी चालू आहे. रचना अगदी सरळ. प्रत्येक शब्दाचे अर्थ वापराच्या कालक्रमाने लावलेले, आणि प्रत्येक अर्थाखाली तारीखवार उतारे. सर्वांत वरचा उतारा म्हणजे संपादकांच्या हाती लागलेला सर्वांत जुना पुरावा.

‘हाती लागलेला’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. पहिला उतारा ज्याचा, त्याने शब्द घडवला असे कोश कुठेही म्हणत नाही. ते आपण म्हणतो. शेक्सपिअरने शेकडो शब्द ‘बनवले’ ही ठाम समजूत अशाच वाचनातून पसरली. पहिल्या आवृत्तीसाठी उतारे काढून पाठवणारे हजारो स्वयंसेवक होते. शेक्सपिअरच्या नाटकांतल्या शब्दांच्या तयार सूच्या त्या काळी उपलब्ध होत्या आणि त्याची नाटके घरोघरी वाचली जात. त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द कोशात पोचला. त्याच्याच काळातल्या कमी वाचल्या जाणाऱ्या लेखकांच्या वाट्याला एवढे बारकाईने वाचणारे आले नाहीत. युर्गन शेफर यांनी १९८० मध्ये शेक्सपिअर आणि त्याचाच समकालीन लेखक टॉमस नॅश यांची तुलना करून हा कल दाखवून दिला. पुढे जुन्या छापील पुस्तकांचा मजकूर संगणकावर शोधता येऊ लागला आणि शेक्सपिअरच्या नावावरचे कितीतरी ‘पहिले’ उतारे मागे पडले. त्याची थोरवी यात तसूभरही कमी होत नाही. कोशाचा वरचा उतारा कसा वाचावा एवढेच यातून कळते.

म्हणून ऑनलाइन कोशात शब्द उघडला की पहिली नजर अर्थाकडे न टाकता नोंदीच्या इतिहासाकडे टाकावी. नोंद नव्याने तपासलेली असेल तर तसे साल दिलेले असते. ‘प्रथम प्रसिद्धी १९०९, अद्याप पूर्ण अद्ययावत नाही’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर त्या नोंदीतले पहिले साल शंभरेक वर्षांपूर्वीच्या वाचनावर उभे आहे असे समजावे आणि पुढे सांगितलेली उलटतपासणी केल्याशिवाय ते वापरू नये.

दुसरी खोच तारखांच्या खुणांची. सालाआधी छोटा ‘ए’ असेल तर त्या सालाच्या आधी, ‘सी’ असेल तर सुमारे त्या साली. मॅकबेथचे उदाहरण घ्या. नाटक १६०६ च्या सुमाराचे मानतात, छापले गेले १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित छापील ग्रंथात), शेक्सपिअर वारला १६१६ मध्ये. जुन्या नोंदींत लेखनाचा अंदाज धरून साल दिलेले दिसते. फेरतपासणी झालेल्या नोंदींत फोलिओतच पहिल्यांदा छापलेल्या नाटकांना ‘१६१६ पूर्वी’ अशी खूण देऊन कंसात १६२३ घालतात. शब्द तोच, वाक्य तेच, आणि तीन कोशांत तीन साले. कुसुमाग्रजांचे ‘राजमुकुट’ मूळ मॅकबेथशेजारी ठेवून शिकवणाऱ्यांना ही अडचण हमखास येते: पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातल्या ‘असॅसिनेशन’ या शब्दाला एका ठिकाणी १६०५, दुसरीकडे १६०६, तिसरीकडे वेगळेच साल सापडते आणि विद्यार्थी गोंधळतो. वर्गात फळ्यावर दोन साले लिहावीत, लेखनाचे आणि छपाईचे. शिवाय ‘असॅसिन’ हा अरबीतून आलेला शब्द इंग्रजीत शेक्सपिअरच्या आधीपासून होता, हेही सांगावे.

ऑनलाइन कोशाची खरी ताकद प्रगत शोधात आहे. तिथे शब्दाऐवजी उताऱ्याचा लेखक देता येतो. मिल्टनचे नाव घातले की त्याचे उतारे जिथे जिथे वापरले आहेत ते शब्द समोर येतात, आणि पहिल्या उताऱ्यापुरती चाळणी लावली की यादी आटोक्यात येते. जोडीला हिस्टॉरिकल थिसॉरस आहे. ‘गोंगाट’ या अर्थाला कोणत्या शतकात कोणते शब्द होते ते तिथे एका रांगेत दिसतात. पँडेमोनियम यायच्या आधी लोक काय म्हणत होते हे कळल्याशिवाय त्या शब्दाचे नवेपण लक्षात येत नाही. या दोन सोयींसाठी वर्गणी भरावी; एकट्यादुकट्या शब्दाचे साल बघण्यासाठी भरू नये. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात असाल तर आधी ग्रंथपालांना विचारा. संस्थेची वर्गणी असेल तर संस्थेच्या लॉगिनने आत जाता येते आणि वेगळे पैसे लागत नाहीत.

वर्गणी नको असेल तर याच कोशाची पहिली आवृत्ती स्कॅन केलेल्या स्वरूपात इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. फाइली जड आहेत. मोबाइलच्या डेटावर पूर्ण खंड उतरवून घेण्यापेक्षा तिथल्याच वाचकात पान उघडावे आणि अक्षरक्रमाने पुढे-मागे जावे. आतला शोध बारीक टाइपामुळे बऱ्याचदा फसतो. विसाव्या शतकातल्या शब्दांसाठी ही आवृत्ती निरुपयोगी: त्यात रोबॉट नाही, कारण ‘आर’चे पान छापले गेले तेव्हा नाटकच लिहिले गेले नव्हते. पण मिल्टन, स्पेन्सर, स्विफ्ट, स्कॉट यांच्यापर्यंतच्या शब्दांना ती आजही उत्तम. अगदी निर्दोष मात्र नाही. ‘बाँडमेड’ हा शब्द चिठ्ठी हरवल्यामुळे पहिल्या खंडातून गळला आणि १९३३ च्या पुरवणीत घालावा लागला.

छापील कोश घ्यायचा तर २० खंडांचा संच घरासाठी नव्हे. वजनच ६० किलोंच्या वर जाते. जुन्या पुस्तकांच्या बाजारात कधीकधी १९७१ ची कॉम्पॅक्ट आवृत्ती मिळते, ती विचारात घ्यावी. दोन जाड खंड, पहिला ‘ए’ ते ‘ओ’, दुसरा ‘पी’ ते ‘झेड’. मूळ चार पाने लहान करून एका पानावर छापलेली, आणि पेटीच्या वरच्या खणात भिंग. घेताना पाच गोष्टी पाहाव्यात. भिंग आहे का. नसेल तर साधे वाचनाचे भिंग चालते, पण ते सपाट धरता आले पाहिजे. दुसऱ्या खंडाच्या शेवटी १९३३ ची पुरवणी शाबूत आहे का. कणा सुटला आहे का. खंड जड असल्याने उभे ठेवले की पाने कण्यापासून ओढली जातात, म्हणून ते आडवे ठेवावेत. पानांच्या कडांना दमटपणाचे पिवळे डाग आहेत का. गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा गोदाकाठच्या जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात हे खंड भिंतीला टेकून ठेवू नयेत. आणि पाचवी, विकणारा याला ‘पूर्ण ऑक्सफर्ड’ म्हणतो, ते १९३३ पर्यंतचेच खरे. पुढच्या चार पुरवणी-खंडांचा मजकूर १९८७ च्या वेगळ्या तिसऱ्या कॉम्पॅक्ट खंडात आहे. १९९१ च्या एकखंडी कॉम्पॅक्टमध्ये दुसरी आवृत्ती पूर्ण आहे, पण तिथे नऊ पाने एका पानावर बसवली आहेत. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना ती फार त्रासदायक होते.

मधला मार्ग म्हणजे शॉर्टर ऑक्सफर्ड, दोन खंड, सहावी आवृत्ती २००७ ची. बहुतेक घरांसाठी आमची शिफारस हीच. यात नेमके साल नसते, खुणा असतात, आणि त्या न समजल्याने लोक हा कोश ‘अर्धवट’ म्हणून बाजूला ठेवतात. शतकाच्या आकड्याआधी ‘ई’ म्हणजे त्या शतकातली ०० ते २९ ही वर्षे, ‘एम’ म्हणजे ३० ते ६९, ‘एल’ म्हणजे ७० ते ९९. शतकाचा आकडा म्हणजे सालाचे पहिले दोन अंक असे समजून घोटाळा होतो. ‘एम १८’ म्हणजे १८३० ते १८६९ असे वाटते, पण कोशात १८ हे अठरावे शतक म्हणजे १७०० ची वर्षे, म्हणून ‘एम १८’ म्हणजे १७३० ते १७६९, हे एकदा डोक्यात पक्के केले की झाले. सेरेंडिपिटी १७५४ चा, म्हणून ‘एम १८’ च्या पट्ट्यात. पँडेमोनियम १६६७ चा, म्हणजे सतराव्या शतकाच्या मधल्या पट्ट्यात. चॉर्टल १८७१ चा, एकोणिसाव्याच्या शेवटच्या पट्ट्यात. साहित्यिक उगम असलेल्या शब्दांना लेखकाचे किंवा ग्रंथाचे नाव बहुधा दिलेले असते, आणि तिथून पुढे आपल्याला मूळ ग्रंथ उघडता येतो. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानांत सहज मिळणारे विद्यार्थ्यांसाठीचे आणि खिशातले कोश मात्र या कामाला घेऊ नयेत; व्युत्पत्ती असलीच तर एका ओळीची असते.

आता फुकटच्या साधनांकडे. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजे सगळे जिला एटिमऑनलाइन म्हणतात ती, डग्लस हार्पर या एका माणसाने उभी केली. फोनवर झटकन उघडते, भाषा सोपी, आणि शब्दाच्या अर्थाचा प्रवास दोन परिच्छेदांत कळतो. पहिली पायरी म्हणून हिच्याइतके सोयीचे काही नाही. मर्यादा अशी की हे मुख्यतः इतर मोठ्या कोशांचे संकलन आहे. तारखा बहुतेक त्यांच्याच, आणि उतारे फार थोड्या ठिकाणी. म्हणून एटिमऑनलाइन आणि ऑक्सफर्ड यांचे साल जुळले म्हणजे दोन पुरावे मिळाले असे धरू नये. पुष्कळदा तो एकच पुरावा दोनदा वाचलेला असतो. मेरियम-वेब्स्टर हा स्वतंत्र अमेरिकी कोश; तो प्रत्येक शब्दाखाली पहिल्या ज्ञात वापराचे साल देतो, आणि ‘टाइम ट्रॅव्हलर’ विभागात साल निवडले की त्या वर्षीचे शब्द दिसतात. शाळेतल्या उपक्रमाला हा विभाग फार छान. पण तिथेही मूळ वाक्य नाही, त्यामुळे आमच्या कसोटीवर तो दुय्यमच.

गूगलच्या एनग्राम व्ह्यूअरचा (छापील पुस्तकांत शब्द कोणत्या वर्षी किती वापरला गेला ते दाखवणाऱ्या साधनाचा) आलेख पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांची संख्या वाढली आहे, त्यांच्यासाठी जरा सविस्तर. यात ४० पेक्षा कमी पुस्तकांत आलेला शब्द दिसतच नाही, म्हणजे शब्दाचा जन्म शोधायला हे साधन मुळात नाही. तो कधी रुळला एवढेच यातून कळेल. स्मूदिंगचा आकडा मूळचा ३ असतो. त्याचा अर्थ प्रत्येक वर्षाला आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षे मिसळून सरासरी काढली जाते. परिणामी शब्द आलेखात खऱ्यापेक्षा तीन वर्षे आधी उगवतो. तो आकडा ० करा. मोठ्या-लहान अक्षरांचा पर्यायही तपासा; लिलिपुटियन किंवा क्विक्झॉटिकसारखे शब्द विशेषनामावरून आल्याने सुरुवातीला मोठ्या अक्षराने छापलेले असतात. त्याहून मोठा धोका म्हणजे १८०० च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब काढत असत आणि यंत्र तो ‘एफ’ वाचते. अशा वेळी एस असलेला शब्द एस आणि एफ अशा दोन्ही रूपांत शोधावा.

आणि गूगल बुक्समधल्या तारखा. याचा उत्तम नमुना फ्रीलान्स. स्कॉटच्या आयव्हॅन्होमध्ये हा शब्द दोन तुकड्यांत येतो, ‘फ्री लान्सेस’, आणि अर्थ पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारे भालाईत. कादंबरी डिसेंबर १८१९ मध्ये बाजारात आली, पण मुखपृष्ठावर १८२० छापले, म्हणून दोन्ही साले आढळतात. इथपर्यंत ठीक. पण इंटरनेटवर अनेक ठिकाणी ठासून लिहिलेले दिसेल की स्कॉटच्या आधी, १८०९ मध्येच, टॉमस ब्राउन यांच्या ह्यू मिलर-चरित्रात हा शब्द आला होता. ह्यू मिलर हा स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ जन्मला १८०२ साली. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचे चरित्र! मिलर वारला १८५६ मध्ये आणि चरित्र त्यानंतरचे. चुकीची पडलेली एक तारीख कोणी न तपासता पुढे ढकलत राहिले. हे टाळायला लागतात जेमतेम दोन मिनिटे: पुस्तकाचे मुखपृष्ठ उघडून छापील साल वाचा, आणि ज्याच्याबद्दल पुस्तक आहे त्याचे जन्मसाल पाहा. नियतकालिकांना तर जास्तच जपावे, कारण पुष्कळदा पूर्ण मालिकेला पहिल्या अंकाचे साल चिकटलेले असते.

या सगळ्या साधनांची एकत्र परीक्षा घ्यायला सेरेंडिपिटी हा शब्द सर्वांत चांगला. होरेस वॉलपोलने २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस मान यांना लिहिलेल्या पत्रात तो घडवला आणि कसा घडवला तेही तिथेच सांगितले: सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून, जे न शोधलेल्या गोष्टी चातुर्याने आणि योगायोगाने शोधून काढत. ती गोष्ट व्हेनिसमध्ये १५५७ साली इटालियनमध्ये छापली गेली, तिच्या मागे अमीर खुस्रोचे ‘हश्त बिहिश्त’ हे काव्य आहे, आणि सेरेंडिप म्हणजे अरबी-फारसी सरंदीब, म्हणजे आपले सिंहलद्वीप. गोष्टीत राजपुत्र हरवलेल्या उंटाचा माग काढतात. वॉलपोलने पत्रात खेचर लिहिले. एटिमऑनलाइन हे पत्र आणि तारीख नीट देते, आणि विसाव्या शतकाआधी शब्द दुर्मीळ होता हेही सांगते, शाबासकी तिला. मेरियम साल देतो आणि थांबतो. एनग्राममध्ये अठराव्या शतकात शब्द औषधालाही दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण मानला लिहिलेली ही पत्रे छापली गेली १८३३ मध्ये. म्हणजे जन्म १७५४, छपाई १८३३, सर्रास वापर त्याच्याही पुष्कळ नंतर. अनुवादकाने अठराव्या शतकातल्या पात्राच्या तोंडी हा शब्द असल्याचे गृहीत धरले तर चूक होईल. हे तीन टप्पे वेगळे दिसतात ते केवळ उतारे आणि त्यांच्या आवृत्त्या पाहिल्यावरच.

रोबॉटची गंमत वेगळी. कारेल चापेकचे ‘आर. यू. आर.’ १९२० मध्ये छापले गेले, प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात जानेवारी १९२१ मध्ये झाले, न्यूयॉर्कला १९२२ मध्ये आले आणि इंग्रजी भाषांतर १९२३ मध्ये छापून निघाले. चार साले, आणि इंग्रजी कोशांत यांपैकी वेगवेगळी दिसतात. चेक शब्द हवा असेल तर १९२०, इंग्रजी शब्द हवा असेल तर पुढची. शब्द सुचवला कारेलचा भाऊ योसेफ याने, हे कारेलने स्वतः १९३३ मध्ये लिहिले आहे. मूळ चेक ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी. नाटकातले रोबॉट लोखंडी नाहीत, कारखान्यात तयार केलेली रक्तामांसासारखी माणसे आहेत; हे केवळ साल सांगणाऱ्या कोणत्याही साधनातून कळत नाही. ऑक्सफर्डमध्ये मध्य युरोपातल्या वेठीच्या पद्धतीचे नाव म्हणून एक जुना रोबॉटही वेगळ्या नोंदीत आहे. घाईत चुकीची नोंद उघडली तर शब्द एकोणिसाव्या शतकातला वाटेल.

पँडेमोनियमला अडचण लेखनाची येते. मिल्टनने पॅरडाइज लॉस्टच्या पहिल्या सर्गात सैतानाच्या राजधानीला हे नाव दिले, १६६७ मध्ये. तिथे ते ‘ए’ आणि ‘ई’ जोडलेल्या अक्षराने आहे. आजच्या स्पेलिंगने शोधल्यास सापडत नाही. ‘ए-ई’ वेगळी लिहून किंवा जोडाक्षर चिकटवून शोधावे. अशीच काळजी युटोपियाची: टॉमस मोरचे लॅटिन पुस्तक १५१६ चे, रॉबिन्सनचा इंग्रजी अनुवाद १५५१ चा, आणि त्या काळी शब्दारंभी ‘यू’ऐवजी ‘व्ही’ छापत. मेंटॉरला साल नव्हे, ग्रंथ चुकतो. सगळे होमरचे नाव घेतात, पण ओडिसीतला मेंटॉर फारसे मार्गदर्शन करत नाही. त्याच्या रूपात अथेना येते. गुरुपदाला तो चढला फेनेलॉनच्या १६९९ च्या ‘तेलेमाक’मध्ये, आणि इंग्रजीत सामान्यनाम झाला त्यानंतर अर्ध्या शतकाने. नर्डच्या बाबतीत सावधपणा हवा: डॉ. स्यूसच्या १९५० च्या मुलांच्या पुस्तकात एका प्राण्याचे हे नाव आहे, आणि १९५१ मध्ये डेट्रॉइटच्या तरुणांच्या बोलीतला शब्द म्हणून तो छापून आला. दोघांचा संबंध सिद्ध झालेला नाही. चांगला कोश इथे ‘कदाचित’ म्हणतो. जो म्हणत नाही तो बाजूला ठेवा.

वाक्य पडताळायला मूळ ग्रंथ लागतात, आणि ते आज घरबसल्या मिळतात. १७०० पर्यंतच्या इंग्रजी पुस्तकांसाठी ‘अर्ली इंग्लिश बुक्स’चा टीसीपी (टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप) संग्रह वापरावा. ६०,००० वर पुस्तके, माणसांनी टंकलेली, त्यामुळे लांब एसची चूक तिथे होत नाही. २०१५ आणि २०२० मध्ये दोन टप्प्यांत तो सर्वांना खुला झाला. शेक्सपिअरसाठी १६२३ च्या फोलिओची छायाचित्रे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने ठेवली आहेत. त्यानंतरच्या कादंबऱ्यांना प्रोजेक्ट गुटेनबर्ग पुरते, फक्त तिथला मजकूर कोणत्या आवृत्तीचा आहे ते वर वाचावे. फ्रँकेनस्टाइनच्या १८१८ आणि १८३१ च्या आवृत्त्यांत बराच फरक आहे, आणि तिथे दोन्ही आहेत.

क्रम असा ठेवावा. आधी एटिमऑनलाइनवर लेखकाचे आणि ग्रंथाचे नाव मिळवा. मग शॉर्टर किंवा ऑक्सफर्डमध्ये ते तपासा. मग ग्रंथ उघडून शब्द शोधा आणि आधीचे-नंतरचे एक पान तरी वाचा, कारण अर्थ तिथेच कळतो. शेवटी स्पेलिंग बदलून त्याहून जुना वापर आहे का ते गूगल बुक्स आणि टीसीपीमध्ये पाहा. एका शब्दाला अर्धा तास धरावा. फोनवरच्या संभाषण-सहायकाला विचारल्यास उत्तर क्षणात येते आणि उतारा अवतरणचिन्हांत येतो, पण तो उतारा ग्रंथात असेलच असे नाही. गुटेनबर्गच्या मजकुरात तेच चार शब्द शोधल्याशिवाय तो कुठेही उद्धृत करू नये. व्हॉट्सॲपवरच्या आद्याक्षरी कथांचेही तेच. पॉश म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, इंग्लंड-हिंदुस्थान बोटीवर जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची खोली, ही मुंबई-नाशिकच्या वाचकांना फार आवडणारी कथा आहे. त्या शिक्क्याचे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही.

मराठीतून गेलेल्या शब्दांना मात्र हे इंग्रजी कोश पुरे पडत नाहीत. तिथे यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, हे दोन एकत्र उघडावेत. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि मोल्सवर्थमध्ये देवनागरीत शोधता येते. उदाहरणार्थ, मॉन्गूससाठी मुंगूस आणि मुंगस अशी दोन्ही रूपे घालून पाहावीत. मॉन्गूसचे इंग्रजी उतारे हॉब्सन-जॉब्सनमध्ये सालवार मिळतात, आणि मराठी बाजू मोल्सवर्थमध्ये.

ग्रंथालयात बसून काम करायचे असेल तर नाशिकला टिळक पथावर १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. मोठे संदर्भकोश सहसा घरी देत नाहीत, म्हणून शब्दांची यादी आधी एटिमऑनलाइनवरून तयार करून, अक्षरक्रमाने लावून न्यावी; एकेक जड खंड एकदाच काढावा लागतो. छायाचित्र घ्यायचे तर परवानगी विचारावी आणि उताऱ्यासोबत खंडाच्या मुखपृष्ठाचेही घ्यावे, म्हणजे आवृत्तीचे साल हाताशी राहते. घरासाठी शॉर्टर. शिक्षकाने किंवा संशोधकाने ऑक्सफर्डची वर्गणी भरायचीच तर काम साचवून, यादी हातात असताना भरावी. बाकी कोणी फुकटच्या साधनांवर निर्धास्त काम करावे, फक्त मूळ पान उघडल्याशिवाय साल लिहू नये.